मोनास : कळस आणि गाभारा

भारतातून पाहुणे आले, की जकार्तातली आपण मराठी मंडळी त्यांना मोनासला नेतोच. लिफ्टने वर जायचे, शहर बघायचे, पायथ्याशी फोटो काढायचा आणि पुढे मॉल गाठायचा, हा ठरलेला कार्यक्रम. मीही तो कितीतरी वेळा पार पाडला आहे. पण देवळात जाऊन नुसता कळस बघावा आणि गाभाऱ्यात डोकावूच नये, तसे हे होते. म्हणून या स्मारकाचे गुणदोष जरा निवांतपणे पाहू या.

आधी गुण. 132 मीटर उंचीच्या या स्तंभाचे काम राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी 17 ऑगस्ट 1961 रोजी सुरू केले. रचनेची कल्पना लिंग आणि योनीची. इथले लोक त्याच आकारात 'आलू' आणि 'लेसुंग', म्हणजे भात कांडायचे मुसळ आणि उखळ पाहतात. आपल्या आजीला हे कुणी समजावून सांगावे लागले नसते! वाटीसारख्या चौथऱ्याची उंची 17 मीटर, खालच्या संग्रहालयाच्या दालनाची 8 मीटर आणि चौथऱ्याची बाजू 45 मीटर. 17-8-45 ही स्वातंत्र्याची तारीखच बांधकामात गुंफली आहे. प्रतीक म्हणून मोनास शंभर नंबरी आहे.

आता दोष. वरच्या ज्योतीवर आधी 35 किलो सोने होते. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात, 1995 साली ते 50 किलो केले. स्तंभ उभा राहत होता तेव्हा, साठच्या दशकाच्या मध्यात, महागाईने सामान्य माणसाचे कंबरडे मोडले होते. त्या माणसाला मी इथे शोधतो आणि तो मला सापडत नाही.

तळघरातल्या संग्रहालयात इतिहासाची 51 दृश्ये काचेआड मांडली आहेत. मजुरांची, सैनिकांची पुतळ्यांची गर्दी भरपूर, पण सगळा इतिहास सरकारी पाठ्यपुस्तकासारखा सरळ रेषेत चालतो. स्मारक लोकांसाठी 1975 साली खुले झाले, सुहार्तो यांच्या राजवटीत, आणि तिची छाप इथे स्पष्ट दिसते. 1965-66 च्या कत्तलीत लाखो माणसे मारली गेली. त्यांच्या वाट्याला एकही काच आलेली नाही. 2023 साली राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी त्या अत्याचारांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

स्वातंत्र्य दालनात सुकार्नोंच्या आवाजात घोषणा ऐकू येते. अंगावर काटा येतो. मात्र तो आवाज 1945 चा नाही. त्या दिवशी ध्वनिमुद्रण झालेच नव्हते, ते नंतर आकाशवाणीच्या स्टुडिओत करून घेतले. हे पाहुण्यांना जरूर सांगावे. सांगितल्याने घोषणेची किंमत कमी होत नाही.

मूळ घोषणा झाली पेगांगसान तिमूर 56 या घराच्या अंगणात. सुकार्नो तापाने फणफणले होते, झेंडा फातमावतींनी शिवलेला, काठी बांबूची आणि मजकूर अवघा दोन वाक्यांचा. तेच घर 1960 च्या सुमारास सुकार्नोंच्याच संमतीने पाडले गेले. म्हणजे खरी जागा गेली आणि तिची जागा भव्यतेने घेतली! माझी मोनासविरुद्धची मुख्य तक्रार हीच आहे. तो स्वातंत्र्याची तारीख सांगतो, पण ते मिळवणाऱ्या माणसांची धास्ती आणि घाई सांगत नाही.

त्या घराच्या जागी, जालान प्रोक्लामासीवर, आज एक बाग आहे. तिथे सुकार्नो आणि हत्ता यांचे 1980 साली बसवलेले पुतळे आहेत आणि त्यांच्यामध्ये घोषणेचा मजकूर. आपली मुले इथे वाढताहेत, शाळेत हा इतिहास शिकताहेत. त्यांना मोनास जरूर दाखवा, पण आधी या बागेत न्या आणि ती दोन वाक्ये त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. मग लिफ्टने वर चढताना त्यांना कळेल, की एवढी उंची कशाच्या जोरावर उभी आहे.