एक अभंग, दोन गळे

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या पोंभुर्ण्यात जुन्या बोलपटांचा विषय निघाला की बोलणं ‘संत तुकाराम’वर येतंच. भजनात बसणारी मंडळी तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा गळा आठवतात. नाटकाचं वेड असलेली माणसं दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांची बाजू घेतात. चित्रपट मोठा झाला तो गाणाऱ्यामुळे की दाखवणाऱ्यांमुळे, यावर दोन्हीकडून हिरिरीने बोललं जातं. मला वाटतं, या वादाचा निकाल चित्रपटाच्या सुरुवातीलाच लागलेला आहे.

सुरुवातीला तुकोबा अभंग गातात. डोळे मिटलेले, चेहरा शांत. पागनीसांचा स्वर चढत नाही की हरकतींच्या नादी लागत नाही. शब्द जेवढा मागतो तेवढाच सूर ते त्याला देतात. कॅमेराही घाई करत नाही, गाणाऱ्या चेहऱ्यासमोर निवांत थांबतो. मग तोच अभंग देवळात पुन्हा ऐकू येतो. आता गाणारा आहे साळोमाळो. तुकोबांची रचना आपलीच म्हणून तो लोकांपुढे मांडतो. शब्द तेच, पण ताना आल्या, हातवारे आले आणि नजर सारखी श्रोत्यांवर फिरू लागली.

एवढ्या दोन तुकड्यांत दिग्दर्शकांनी सगळी कथा पेरून ठेवली आहे. अभंग कोणाचा, हे सांगायला त्यांनी साक्षीदार उभा केलेला नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर विश्वास टाकला आहे. खरा कवी आणि उसना कवी यांतला फरक आपल्याला गाण्यातूनच कळतो. पुढे रामेश्वरशास्त्री हे पंडित तुकोबांच्या अभंगांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावतात, तेव्हा काय बुडतंय हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. ते आपण आधीच ऐकलेलं असतं.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला हा प्रसंग विशेष जवळचा वाटतो, कारण दोन्ही तऱ्हेचं गाणं त्याच्या घरचं आहे. धान निघालं की इकडे नाटकांचा हंगाम लागतो. रात्रभर चालणाऱ्या प्रयोगात नाट्यपद रंगलं तर ‘वन्स मोअर’ मिळतो. दुसरीकडे खंजिरीवरचं भजन आहे. चिमूर तर आमच्याच जिल्ह्यातलं, तुकडोजी महाराजांच्या भजनांनी १९४२ साली पेटून उठलेलं. त्यामुळे साळोमाळोची तान ऐकून इथला माणूस तानेला नावं ठेवणार नाही. तान वाईट नसतेच. खोट आहे ती साळोमाळोच्या नजरेत. त्याचं तोंड देवाच्या दारात असतं आणि लक्ष वाहवा कुठून येते याकडे. तुकोबांच्या गाण्याला ऐकणारा एकच आहे, आणि तो दाद देईल की नाही याची त्यांना फिकीर नाही.

‘प्रभात’ या चित्रपट कंपनीने पागनीसांना निवडलं, त्याचं मोल इथे कळतं. आदल्याच वर्षी, १९३५ साली, शांतारामबापूंच्या ‘धर्मात्मा’त खुद्द बालगंधर्व एकनाथ झाले होते. मराठी रंगभूमीचा सर्वांत लाडका गळा कंपनीच्या दारी येऊन गेला होता. तरी १९३६ साली तुकोबांसाठी दामले-फत्तेलाल पागनीसांकडे वळले. पागनीसही रंगभूमीवरचेच, एके काळी स्त्रीभूमिका करणारे. पण त्यांच्या गाण्यात भजनाचा ठाय होता. केशवराव भोळ्यांनी चालीही अशा बांधल्या की गळ्याची करामत मागे राहावी आणि अर्थ पुढे यावा.

विष्णुपंत दामले ध्वनिमुद्रणाचे जाणकार, तर साहेबमामा फत्तेलाल कलादिग्दर्शनाचे. एकाचा कान आणि दुसऱ्याची नजर अशी ही जोडी. म्हणूनच तुकोबांचं घर, अंगण, नदीकाठ नाटकातल्या पडद्यासारखे वाटत नाहीत, आणि गाणंही कथेला थांबवून मध्येच उभं राहत नाही. माणसाने बोलता बोलता गुणगुणावं, तसा अभंग येतो.

अभंगाच्या या वळणाची सर्वांत मोठी परीक्षा एका गाण्याने दिली. बीज आणि वृक्षाचा तो प्रसिद्ध अभंग तुकोबांचा नाही. शांताराम आठवले या तरुण कवीने तो चित्रपटासाठी लिहिला. पण भल्याभल्यांनी तो गाथेतलाच धरला. आठवल्यांनी तुकोबांची भाषा आधी अंगी मुरवली आणि मग लेखणी उचलली. साळोमाळो दुसऱ्याच्या शब्दांवर आपलं नाव घालतो. आठवल्यांचे शब्द मात्र लोकांनी आपण होऊन तुकोबांच्या नावावर जमा केले. कवीला याहून मोठी दाद कोणती मिळणार?

आणि या सगळ्या भक्तीला जमिनीवर धरून ठेवते ती तुकोबांची बायको जिजाई. अभिनेत्री गौरीबाईंनी ती अशी उभी केली आहे की झाडीतल्या कुठल्याही घरातल्या बाईसारखी ओळखीची वाटावी. चूल, पोरं आणि म्हैस यांत तिचा जीव. पोर आजारी पडतं तेव्हा ती हातात वहाण घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला निघते. तिचा राग हीही एक प्रार्थनाच आहे. तुकोबांचं गाणं किती खरं आहे, हे जिजाईचं भांडण खरं असल्यामुळे पटतं.

मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मराठीचा एक शब्द न कळणाऱ्यांनाही तो भिडला, कारण पागनीसांचा सूर आणि दामले-फत्तेलालांची दृष्टी एकमेकांपासून वेगळी काढताच येत नाही. दोघांनाही स्वतःला मिरवायचं नव्हतं. म्हणून पोंभुर्ण्यातल्या त्या वादात मी दोन्ही बाजूंचा आहे. भजनाला नव्याने बसणाऱ्या प्रत्येक पोराने या चित्रपटाची सुरुवात एकदा तरी मन लावून ऐकावी. एकच अभंग दोघांनी गायला तर तो कुठे तरतो आणि कुठे बुडतो, हे शिकवणारी याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.