मगावरील श्वान : एका जाहिरातचित्राचे अर्थांतर

चिनी मातीच्या मगावर संगीतविषयक जुन्या जाहिरातींची चित्रे छापण्याची प्रथा आज चांगलीच रूढ झाली आहे. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे मान कलती करून बसलेला पांढरा कुत्रा हे त्यांतील सर्वांत परिचित चित्र होय. अशा मगाकडे गतकाळाचे स्मरणचिन्ह म्हणून पाहिले जाते आणि विचार बहुधा तेथेच थांबतो. परंतु चित्र, त्याखालील शब्द आणि ते ज्यावर छापले जाते ती वस्तू, या तिहींचा परस्परसंबंध तपासला असता स्मरण नेमके कशाचे होते, असा प्रश्न उभा राहतो.

मूळ चित्र फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराचे. त्यातील निपर हा कुत्रा प्रथम त्याच्या भावाचा, मार्क याचा होता. मार्क १८८७ मध्ये व निपर १८९५ मध्ये निवर्तला, आणि चित्र त्यानंतरचे आहे. बॅरॉडने त्यात प्रथम दाखविला होता तो मेणाच्या नळकांड्यावर चालणारा फोनोग्राफ. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे विल्यम बॅरी ओवेन यांनी फोनोग्राफच्या जागी आपल्या कंपनीचे यंत्र रंगविण्याच्या अटीवर चित्र घेण्याचे ठरविले. चित्र व त्याचे हक्क मिळून १०० पौंड देण्यात आले. नव्या रंगाखाली जुन्या यंत्राच्या खुणा अद्यापि दिसतात.

हा बदल केवळ व्यापारी सोयीचा नव्हता. त्याने चित्रवाक्याचा अर्थच पालटला. फोनोग्राफवर घरच्या घरी बोलणे मुद्रित करता येत असे. म्हणून धन्याचा आवाज कुत्र्याला ऐकू येणे तेथे संभवनीय होते. ग्रामोफोन मात्र कारखान्यात तयार झालेली तबकडी फक्त वाजवीत असे. 'हिज मास्टर्स व्हॉइस' या शब्दांतील सर्वनामाचा संबंध कुत्र्याशी कायम राहिला, पण 'मास्टर' हे पद निराधार झाले. विकत आणलेल्या तबकडीवर आवाज असे तो गायकाचा. आणि गायक काही त्या कुत्र्याचा धनी नव्हे. चित्राला नवा अर्थ दिला तो जाहिरातीने : यंत्र इतके प्रामाणिक, की मुके जनावरही फसावे.

भारतात हे चित्र तबकड्यांच्या द्वारा घरोघरी पोहोचले. बालगंधर्वांच्या ज्या तबकड्या महाराष्ट्राने ऐकल्या, त्यांतील अनेकींवर तेच होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेई. त्या गतीत मधल्या वर्तुळावरील चित्र अंधूक होऊन जाई. आवाज चालू असता चित्र दिसत नसे, आणि चित्र दिसे तेव्हा आवाज थांबलेला असे. चित्र आवाजाचे केवळ प्रतिरूप नव्हते. त्याच तबकडीच्या रेषांत साठविलेल्या आवाजाकडे ते निर्देश करीत होते. पर्सच्या परिभाषेत बोलावयाचे तर त्यात निर्देशक चिन्हाचा अंश होता. मगावर चित्र सदैव स्थिर व स्पष्ट असते. निर्देश मात्र उरत नाही, कारण ज्याकडे निर्देश करावा ते तेथे काहीच नाही.

याच शब्दसमूहाचे मराठी लेखनातील रूपांतरही उद्बोधक आहे. वरिष्ठांची री ओढणाऱ्यास 'हिज मास्टर्स व्हॉइस' म्हणण्याचा प्रघात आहे. चित्रातील प्राणी ऐकतो. या लाक्षणिक प्रयोगातील माणूस बोलतो. श्रोत्याची भूमिका वक्त्याकडे गेली आणि चित्रातील कुतूहलाची जागा उपहासाने घेतली. तरीही येथे अर्थाला धनी आहे, आवाज आहे, दोहोंचा संबंध आहे. मगाने मात्र तिन्ही बाजूस सारून केवळ कुत्र्याचा गोडवा ठेवला.

मगाच्या बाजूने असे म्हणता येईल की, चित्र टिकले तर निदान जिज्ञासा टिकते. यात तथ्य आहे. पण ते अपुरे आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यास झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रसंगी गौहरजान गात असत आणि गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत, हानोवर येथे तयार होत; दूरच्या कारागिराला आवाज कोणाचा हे कळावे, हा त्यामागील व्यावहारिक हेतू. त्या काळी तबकडीवर कुत्रा नव्हे, देवदूताचे चित्र असे. चिन्हे बदलली, तरी आवाजाने आपली ओळख स्वतःच सांगून ठेवली. मगावर ना गायिकेचे नाव, ना गायकाचे.

तात्पर्य, या मगाचा दोष त्याच्या सौंदर्यात नाही. तो त्याच्या निवडीत आहे. जाहिरातीने आवाज विकण्यासाठी चित्र वापरले. मगाने आवाज वगळून चित्र विकले. जुन्या संगीताचे स्मरण म्हणून तो हाती घेणाऱ्याच्या घरी एकही जुनी तबकडी ऐकली जात नसेल, तर तेथे जपली गेली ती जाहिरात, संगीत नव्हे. आणि चित्रातील कुत्रा मात्र अजूनही कान देऊन बसलेला आहे.