न खेळल्याने मूल जाड होते का?

‘मूल खेळत नाही, म्हणून जाड होते’ हे वाक्य आरोग्याच्या तासाला आपण इतके सहज उच्चारतो, की त्याला पुरावा मागावा असे कोणाच्या मनात येत नाही. इंग्लंडमधील प्लिमथच्या ‘अर्लीबर्ड’ गटाने तो मागितला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचे शीर्षकच उलटे आहे: मेदामुळे हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने मेद वाढत नाही.

या निबंधाचे बळ त्याच्या पद्धतीत आहे. एकदाच केलेल्या पाहणीत जाड मुले कमी हालतात एवढेच दिसते. आधी काय घडले ते कळत नाही. येथे सुमारे दोनशे मुले सातव्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत दरवर्षी तपासली गेली. हालचाल पालकांना विचारून नव्हे, तर कमरेला बांधलेल्या त्वरणमापकाने मोजली. सातव्या वर्षी ज्यांच्या अंगात मेद अधिक, त्यांची हालचाल पुढे घटली. उलट, सातव्या वर्षी कमी हालणाऱ्यांचा मेद पुढे अधिक वाढला असे मात्र आढळले नाही. मैदानाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या जाड मुलाला आळशी ठरवून जादा फेऱ्या मारायला लावणाऱ्या शिक्षकाने हे दोनदा वाचावे.

साधा हिशेबही याला धरूनच आहे. ३० किलो वजनाचे मूल एक किलोमीटर चालले, तर बसून राहण्यापेक्षा साधारण २० ते २५ किलोकॅलरी जास्त खर्चते. पन्नास ग्रॅम बिस्किटांत सव्वादोनशेच्या आसपास किलोकॅलरी असतात. म्हणजे दहा किलोमीटर! खांबहून कोलाडच्या दिशेने महामार्गाने चालत निघालेल्या मुलाने वाटेतल्या टपरीवर एक पुडा घेतला, की चालण्याचा जमाखर्च तिथेच बुडाला.

तरीही निबंधाचे शीर्षक पुराव्याच्या पुढे धावते, असे माझे मत आहे. कमरेचा त्वरणमापक सायकल जवळजवळ मोजत नाही आणि पोहताना तो काढून ठेवावा लागतो. हंडा घेऊन चढ चढणारी मुलगी आणि रिकाम्या हाताने सपाटीवर चालणारी मुलगी त्याला सारखीच वाटते. प्लिमथमध्ये ही त्रुटी किरकोळ असेल, रायगडात ती हिशेबच बिघडवील. शिवाय दोनशे मुलांत परिणाम ‘आढळला नाही’ आणि तो ‘नाही’ यांत अंतर आहे.

आपल्याकडचा प्रश्न तर आणखी आधी सुरू होतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास केला. २००३ साली त्यांनी दाखवले, की या गावांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनमधील बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू व पोट लहान होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारच थोडी कमी होती. बाळ हडकुळे, तरी मेदयुक्त! ते अजून रांगायलाही लागलेले नाही. त्याच्या ‘न खेळण्या’ला दोष कसा देणार? याच अभ्यासात, गरोदरपणी अधिक शारीरिक कष्ट करणाऱ्या मातांची बाळे सरासरीने लहान आढळली. तेव्हा ‘श्रम म्हणजे आरोग्य’ हे सूत्रसुद्धा कोणाचे श्रम, केव्हा आणि किती खाऊन, हे विचारल्याशिवाय वर्गात सांगता येत नाही.

खेळाचा तास यामुळे निरुपयोगी ठरत नाही. हाडे, हृदय आणि इन्शुलिनचे कार्य यांना व्यायामाचा लाभ वजन तसूभर न घटताही होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे सांगितली आहेत, ती सर्वच मुलांसाठी. आपण मात्र वजनकाट्याकडे पाहून जाड मुलाला मैदानात पिटाळतो आणि काटकुळ्या मुलाला, तो दिवसभर बाकावर बसून असला तरी, निरोगी समजून सोडून देतो.