धातुरसातील कण आणि चुंबकीय क्षेत्र : एका सूत्राच्या मर्यादा

भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहान कारखाने आहेत. पत्रा साच्यात दाबताना त्यात अधातूचा कठीण कण दडलेला असेल, तर तेथे चीर पडण्याचा संभव असतो. दोष कारखान्यात उघड होतो. त्याचा उगम मात्र पोलाद जेथे वितळवून ओतले जाते, तेथे असतो. असे कण चुंबकीय क्षेत्राने बाजूस सारता येतील काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ सैद्धान्तिक नव्हे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गिऱ्हाईक भांड्याला चुंबक लावून पाहते, त्या आकर्षणाचा येथे संबंध नाही. लोखंडाचे ते चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसला लोपते. लोखंड वितळते १५३८ अंशांना. धातुरसावर बल घडते ते त्यातील विद्युत्प्रवाह व क्षेत्र यांच्या परस्परक्रियेने. ॲल्युमिनाच्या कणातून प्रवाह जात नाही. भोवतालचा रस एका दिशेस रेटला जातो आणि कण उलट दिशेस सरकतो. पाण्यात बूच वर यावे, तसाच हा प्रकार होय.

लीनोव्ह व कोलिन यांनी १९५४ मध्ये या बलाचे गणित मांडले. विद्युत्‌रोधी गोलावरील बल तेवढ्याच आकारमानाच्या रसावरील बलाच्या तीन-चतुर्थांश व विरुद्ध दिशेचे असते. सूत्र सुबक आहे. परंतु त्यात गोल एकटा, रस स्थिर आणि क्षेत्र एकसारखे गृहीत धरले आहे. भट्टीत यांपैकी काहीच आढळत नाही. शिवाय कणाचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो : १०० मायक्रॉनच्या कणापेक्षा १० मायक्रॉनचा कण शंभरपट मंद सरकतो. इंडक्शन भट्टीत प्रवाह काठाशी एकवटतो, बल सर्वत्र सारखे राहत नाही आणि रस घुसळला जातो. बारीक कण मग बलाऐवजी प्रवाहाच्याच मागे जातो.

अरुंद नलिकांत घुसळण दबते व कणाला थोडेच अंतर कापावे लागते. तेथे सूत्र अधिक खरे उतरते. पण अरुंद नलिकेतून रसही थोडाच जातो. पोलादाच्या अखंड ओतकामात चुंबकीय क्षेत्राचा उपयोग मुख्यतः रस ढवळण्यासाठी किंवा त्याचा झोत आवरण्यासाठी होतो; कणांवरील परिणाम त्यातून ओघाने येतो. म्हणून ‘कणांचे नियंत्रण’ हा शब्दप्रयोग सैल ठरतो. जे नियंत्रित होते, ते बहुतांशी रसाचे वहन होय. कणाचा व्यास, नलिकेची रुंदी आणि घुसळणीचा वेग ही तीन मापे न देणारा कोणताही दावा अभ्यासकाने अपुराच मानावा. भाईंदरच्या साच्याखालील पत्रा त्या दाव्याची परीक्षा घेतल्यावाचून राहणार नाही.