‘होर्तुस मलबारिकुस’: नांवें आणि वन

परीक्षणाच्या पानांवर जवळजवळ साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या एका लॅटिन वनस्पतिग्रंथाचें नांव पाहून वाचकांस नवल वाटेल. आणि परीक्षक वनस्पतिशास्त्राचा नसून आयुष्यभर इंग्रजी काव्य शिकविलेला एक प्राध्यापक आहे, हें कळल्यावर तें नवल दुणावेल. पहिल्या शंकेचें उत्तर सोपें आहे. ‘होर्तुस मलबारिकुस’ म्हणजे ‘मलबारची बाग’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला, परंतु डॉ. के. एस. मणिलाल यांनीं केलेलें त्याचें समग्र इंग्रजी भाषांतर २००३ सालीं केरळ विद्यापीठानें प्रसिद्ध केलें, तेव्हां कोठें तो लॅटिन न जाणणाऱ्यांच्या हातीं आला. २००८ सालीं तो मल्याळींतही उतरला. मूळ माहिती ज्या भाषेंतून निघाली त्याच भाषेंत परतावयास तिला तीन शतकांहून अधिक काळ लागला, एवढी एक गोष्टही परीक्षणास पुरेशी आहे. दुसऱ्या शंकेचें उत्तर देतांना मात्र थोडी कबुली द्यावी लागते.

कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांसमवेत मुळशी तालुक्यांतील एका देवराईंत गेलों होतों. आंत शिरतांच मांडीएवढ्या जाडीचा, पीळ पडलेला एक वेल एका झाडावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलेला दिसला. त्याला चार चार फूट लांबीच्या शेंगा लोंबत होत्या. एका विद्यार्थिनीनें नांव विचारलें. डॅफोडिल हें फूल मीं जन्मांत पाहिलेलें नाहीं, तरी त्यावर तासभर बोलूं शकतों. या वेलापुढें मात्र वाचा बसली. जवळच गुरें राखीत बसलेल्या म्हाताऱ्यानें माझी सुटका केली. “गारंबी हाय ती, गुर्जी. तिला तोडत न्हाईत. देवाची हाय.” ‘गारंबी’ हा शब्द मला पेंडशांच्या कादंबरीमुळें गांवाचें नांव म्हणून ठाऊक होता, वेल म्हणून ठाऊक नव्हता!

घरीं येऊन शोध केला, तेव्हां गारंबीचें शास्त्रीय नांव ‘एंटाडा ऱ्हीडी’ असल्याचें कळलें, आणि या एका नांवानेंच मला ‘होर्तुस’पर्यंत पोंचविलें. ‘एंटाडा’ हा मलबारांतील शब्द; ग्रंथाच्या नवव्या खंडांत तो नोंदलेला आहे, आणि तेथून १७६३ मध्यें आदांसाँ या फ्रेंच पंडितानें तो उचलला. ‘ऱ्हीडी’ हें पद ग्रंथकर्ता हेन्ड्रिक फान ऱ्हीड याच्या स्मरणार्थ १८२५ मध्यें स्प्रेंगेलनें जोडलें. आमच्या गारंबीचें चित्र मात्र आठव्या खंडांत आहे, आणि तेथें तिचें नांव ‘पेरिम-काकु-वल्ली’ असें आहे. पेरिम म्हणजे थोर, वल्ली म्हणजे वेल. हें तिसरें नांव आज कोणत्याही शास्त्रज्ञाच्या तोंडीं नाहीं.

फान ऱ्हीड हा डच कंपनीचा मलबारांतील अधिकारी. शिपाईगिरींतून वर चढलेला, शास्त्राचें शिक्षण नसलेला हा मनुष्य. मलबारची वनसंपत्ती सिलोनहून उणी नाहीं हें मालकांस पटवून द्यावयाचें, असा त्याचा व्यावहारिक हेतु होता. परंतु हेतु व्यापारी असला म्हणून ग्रंथ व्यापारी होत नाहीं. त्यानें माणसें रानांत धाडलीं, वनस्पति कोचीनला आणविल्या, चित्रकारांकडून त्या ताज्या असतांनाच काढवून घेतल्या, आणि इट्टि अच्युतन् या ईळव वैद्याला, तसेंच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांना पुढें बसवून प्रत्येकीचें नांव व गुण विचारून घेतले. मल्याळींत सांगितलेलें पोर्तुगीज भाषेंत, आणि तेथून पुढें लॅटिनमध्यें, असा या ज्ञानाचा प्रवास झाला. सातशेंहून अधिक वनस्पतींची वर्णनें अशा रीतीनें तयार झालीं.

मराठी वाचकानें पहिला खंड उघडून मुद्दाम पाहावें असें एक पान त्यांत आहे. वैद्यानें व ब्राह्मणांनीं १६७५ च्या एप्रिलांत दिलेलीं प्रमाणपत्रें ग्रंथारंभीं छापलीं आहेत, आणि ब्राह्मणांचें पत्र कोंकणी भाषेंत, नागरी लिपींत आहे. युरोपांत छापलेल्या नागरीच्या अगदीं आरंभींच्या नमुन्यांपैकीं हा एक होय. चित्रांवरही मल्याळी व अरबी नांवांच्या जोडीला नागरींत कोंकणी नांवें कोरलेलीं आढळतात. गोमांतकांतून कोचीनला जाऊन राहिलेल्या समाजाचे हे तिघे. आपल्या शेजारघरची भाषा ॲम्स्टरडॅमच्या छापखान्यांत १६७८ सालीं पोंचली होती, आणि आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत तिचा उल्लेख असलाच तर तो तळटीपेंत!

आतां ग्रंथाच्या गुणदोषांकडे वळूं. या ग्रंथाची थोरवी सांगतांना बहुतेक लेखक एकच गोष्ट सांगतात: लिनियसनें १७५३ च्या आपल्या ग्रंथांत भारतांतील वनस्पतींना नांवें देतांना ‘होर्तुस’चा आधार घेतला. गोष्ट खरी आहे. लिनियस हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं. अनेक मलबारी वनस्पतींचे वाळलेले नमुनेही त्याच्यापाशीं नव्हते. फान ऱ्हीडचीं चित्रें हाच त्याचा पुरावा. परंतु माझ्या मतें ही स्तुति ग्रंथाला खालीं आणणारी आहे. एखादी कादंबरी पुढें कोशकारांना शब्द पुरविते म्हणून थोर, असें म्हणण्यासारखें हें आहे.

‘होर्तुस’मधील वर्णन वाचतांना वनस्पति आपल्या जागेवर उभी दिसते. ती वाळूंत वाढते कीं डोंगरांतील रानांत, कोणत्या महिन्यांत फुलते, वर्षांतून कितीदां फळते, कोणत्या रोगावर तिचें मूळ वाटून देतात, हें सर्व एका दमांत येतें. लिनियसची प्रतिभा नेमकी याच्या उलट. त्यानें फुलांतील केसर मोजले आणि बाकीचें बाजूला ठेवलें. त्याशिवाय जगभरच्या वनस्पति एका सूत्रांत ओंवतां आल्या नसत्या, हें मान्य केलेंच पाहिजे. नांवाला घरदार सोडावें लागतें, तेव्हांच तें जगभर चालतें. परंतु त्यानंतरच्या दोन शतकांत आपल्याकडे जे जे वनस्पतिकोश झाले, ते सर्व या सोडलेल्या घराची आठवणच विसरल्यासारखे लिहिले गेले. थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ या काळांत निघालेला मुंबई इलाख्याचा ‘फ्लोरा’ हा अचूकपणाचा आदर्श आहे. त्यांत देशी नांवें आहेत, स्थळें आहेत, बहराचे महिनेही आहेत. तरी त्यांतून झाड ओळखतां येतें. त्याचा संसार कळत नाहीं. वाळवलेल्या फांदीवरून लिहिलेल्या वर्णनांत शेजारीपाजारी कोठून येणार?

उलट बाजूचा एक अतिरेकही नोंदला पाहिजे. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकारानें १९९५ सालच्या आपल्या ग्रंथांत ‘होर्तुस’ची रचनाच मुळीं ईळव वैद्यांच्या वर्गीकरणावर उभी आहे, असें प्रतिपादन केलें. नांवांपुरतें तें पटतें. ‘पेरिम’ म्हणजे थोर, ‘त्सेरु’ म्हणजे लहान, अशीं विशेषणें लावून एका जातीचीं दोन झाडें वेगळीं करण्याची पद्धति लिनियसच्या द्विनाम पद्धतीच्या कितीतरी आधीं मलबारांत रूढ होती. आपलीही रानजाई आणि रानभेंडी त्याच घराण्यांतील. परंतु चित्रें कोणत्या क्रमानें लावावीं, फूल उकलून कसें दाखवावें, हें युरोपीय डोळ्यानें ठरविलें. शिवाय वैद्याचा शब्द आपल्यापर्यंत येतांना दोन तीन भाषांच्या चाळणींतून गेलेला आहे, आणि मणिलालांच्या इंग्रजीनें तींत आणखी एकीची भर टाकली आहे. तीस वर्षांहून अधिक काळ खपून, मूळ स्थळीं जाऊन वनस्पति पुन्हा गोळा करणाऱ्या या विद्वानाविषयीं आदर बाळगूनही म्हणावें लागतें, कीं या भाषांतरांत इट्टि अच्युतनचा आवाज ऐकूं येत नाहीं, फक्त साक्ष वाचावयास मिळते. दोष भाषांतरकाराचा नाहीं. आवाज लॅटिनच्या वेशींतच अडकला.

नांवांचा न्यायही पाहण्याजोगा आहे. लॅटिन मजकुराला हात लावणाऱ्या कासेआरियुस या पाद्र्याच्या नांवानें ‘केसिआरिया’ ही प्रजाति झाली. तिचीं झाडें सह्याद्रींत आहेत. अधिकाऱ्याच्या नांवानें लिनियसनें ‘ऱ्हीडिया’ केली. ती पुढें आपल्या रातांब्याच्या ‘गार्सिनिया’ प्रजातींत विरून गेली. वैद्याच्या नांवानें ब्लूमनें ‘अचुदेमिया’ निर्माण केली खरी, पण ती जावा बेटांतल्या एका वनस्पतीसाठीं. तिघा ब्राह्मणांच्या वांट्याला कांहीं आलें नाहीं. आणि ज्यांनीं रानांत जाऊन झाडावर चढून ती ‘पेरिम-काकु-वल्ली’ खालीं आणली, त्यांचीं नांवें ग्रंथांत नाहींतच. मुळशीच्या म्हाताऱ्याचें नांव मींही विचारलें नव्हतें, तेव्हां दुसऱ्यास बोल लावण्याचा अधिकार मला किती, हें वाचकांनीं ठरवावें.

तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेंत फान ऱ्हीड मलबारच्या रानाचें वर्णन करतो, तें मला सर्व ग्रंथांत श्रेष्ठ वाटतें. एकाच वृक्षावर दहा बारा प्रकारचीं पानें, फुलें, फळें दिसावींत, इतक्या वनस्पति त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या पाहून हा शिपाईगडी थक्क होतो. येथें त्याला वनस्पति दिसत नाहीं, वन दिसतें. हा धागा पुढें पंडितांनीं टाकून दिला, आणि तो पुन्हा हातीं घेतला जावयास विसावें शतक उजाडलें. १९८८ सालीं मुदुमलईच्या रानांत पन्नास हेक्टरांचें, आणि त्याच सुमारास कोडगूमधील उप्पंगळच्या सदाहरित रानांत आणखी एक क्षेत्र आंखून घेण्यांत आलें. तेथें एकेका झाडाला क्रमांक देऊन त्याचा घेर वर्षानुवर्षें मोजला जातो. कोणतें मेलें, कोणतें नवें उगवलें, याची ही वही. तिला ‘संसाराची वही’ म्हणण्यास हरकत नाहीं.

महाराष्ट्रांत माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत देवरायांचा अभ्यास केला. त्यांच्या लेखनांतील एक नोंद माझ्या मनांतून जात नाहीं. श्रीवर्धन तालुक्यांतील एका देवराईंत गारंबीचा एकुलता एक थोर वेल उरला होता, आणि सर्पदंश झालेल्या गुरांसाठीं त्याची साल मागावयास दूरदूरच्या गांवांतून माणसें येत. ‘होर्तुस’मधील वर्णनाची जी रीत, तीच येथें पुन्हा दिसते: वेल, जागा, उपयोग, माणसें, सर्व एकत्र. आणि हें एकत्र सांगितलें नाहीं तर काय होतें, याचेंही उत्तर आपल्याकडे आहे. इमारती लांकडाच्या हिशेबांत थोर वेल हा झाडाचा शत्रु ठरतो. तो कापून काढणें हें जंगलखात्याच्या जुन्या कार्ययोजनांतील नेहमींचें काम. कोशांत वेलाचें नांव बिनचूक होतें. परंतु झाडांच्या शेंड्यांना एकमेकांशीं जोडणारी, माकडांना जमिनीवर न उतरतां पलीकडे नेणारी ती वाट आहे, हें त्या नांवांत कोठें लिहिलें होतें? गारंबीची शेंग वाळली म्हणजे तिचे खण एकेक करून गळतात आणि रिकामी चौकट वेलावर लोंबत राहते. खणांतली चपटी बी पाण्यावर तरंगते. ओढ्यांतून नदींत आणि नदींतून समुद्रांत जाते. वेल कापणाऱ्याला यांतलें कांहीं दिसलें नसेल.

गेल्या मार्गशीर्षांत मी त्याच देवराईंत पुन्हा गेलों. देवाचें जुनें कौलारू घर जाऊन सिमेंटचा मंडप उभा राहिला आहे, आणि वाट रुंद करण्यासाठीं एका कडेचीं झाडें गेलीं आहेत. गारंबीनें ज्या तीन झाडांवर ठाण मांडलें होतें, त्यांतलें एक आतां नाहीं. वेलाचा तेवढा भाग जमिनीवर लोळतो आहे, पण त्यालाही नवीं पानें फुटलीं आहेत. म्हाताऱ्याची चौकशी केली. तो वारल्याला दोन वर्षें झालीं होतीं. त्याचा नातू मंडपाच्या पायरीवर बसला होता. त्याला वेलाचें नांव विचारलें, तर तो म्हणाला, “आजा सांगायचा कायतरी. थांबा, आजीला इचारतो.” आणि तो धांवत वस्तीकडे गेला.