नावावरून गाव ओळखावे का?

पोथीतले नाव आणि आजच्या गावाचे नाव यांत थोडे साम्य दिसले, की ‘हेच ते प्राचीन नगर’ असे स्थलमाहात्म्ये सांगून टाकतात. ही पद्धत कितपत विश्वासार्ह आहे, ते तपासू.

गोदाकाठचे, चांगदेवांच्या समाधीचे पुणतांबा म्हणजे पूर्वीचे ‘पुण्यस्तंभ’ असे सांगतात. ‘स्तंभ’चे प्राकृतात ‘थंभ’ किंवा ‘खंभ’ होते. मराठीतील ‘थांबणे’, ‘खांब’ हे शब्द त्यातूनच आले. मग येथे ‘थ’चा ‘त’ का झाला, याचे उत्तर द्यावे लागेल. बोलीतल्या नावाला नंतर कोणी संस्कृत पोशाख चढवला असेल, हीही शक्यता उरते. याउलट प्रतिष्ठान–पइट्ठाण–पैठण हा बदल नियमाला धरून आहे. शिवाय ‘सुत्तनिपात’ या पाली ग्रंथात बावरीचे शिष्य पतिट्ठान, माहिस्सती, उज्जेनी, वेदिस अशा क्रमाने जातात. माहिस्सती म्हणजे महेश्वर की मांधाता, हा वाद आहे. पण दोन्ही गावे नर्मदेवरच असल्याने क्रम बिघडत नाही.

‘तगर’चे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात हे नगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर सांगितले आहे. त्यासाठी जुन्नर, देवगिरी अशी नावे सुचवली गेली. जे. एफ. फ्लीट यांनी 1901 मध्ये तेर (जि. धाराशिव) सुचवले. तेर तर पैठणच्या आग्नेयेस आहे! तरीही ते मान्य झाले, कारण तगर–तेर हा ध्वनिबदल पटतो आणि उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे व रोमन व्यापाराचे अवशेष मिळाले. एक साक्षीदार थोडा चुकला, तरी परस्परांशी संबंध नसलेले बाकीचे साक्षीदार एकाच गावाकडे बोट दाखवतात.

उत्खननालाही मर्यादा आहेच. पुणतांब्यापासून फार दूर नसलेल्या दायमाबादला प्रवरेकाठी ताम्रपाषाणयुगीन मोठी वस्ती सापडली. पण तिचे मूळ नाव खापरे सांगत नाहीत. म्हणून तिचे महत्त्व तिळभरही कमी होत नाही.

उद्या एखादा विद्यार्थी आपले गाव पुराणात असल्याचे अभिमानाने सांगेल. त्याला हसू नये, लगेच मानही डोलावू नये. हे नाव सर्वांत आधी कोठे लिहिलेले आढळते? नकाशावर वाट जुळते का? जमिनीखाली त्या काळाचा थर आहे का? हे तीन प्रश्न त्याच्या हाती द्यावेत. उत्तर ‘अजून ठरलेले नाही’ असे आले, तरी तो तास वाया गेला असे समजू नये.