भंगारातला भाग बसवला, हापसा चालला. पण किती दिवस?

सायन्समधून समाजशास्त्राच्या बाजूला डोकावणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक पेपर कधी ना कधी पडतोच. मारियान द लात आणि अॅनेमारी मोल यांचा, झिम्बाब्वेच्या ‘बुश पंपा’वरचा, २००० साली ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’मध्ये आलेला. दुरुस्ती, जुगाड, टाकाऊतून टिकाऊ अशा विषयावर रिसर्च प्रपोजल लिहिणार असाल तर तो वाचाच. पण वाचताना पेन्सिल हातात ठेवा.

पेपरचं म्हणणं असं: हा हापसा म्हणजे एक ठरीव वस्तू नाही, तो ‘प्रवाही’ आहे. काही बोल्ट पडले तरी चालतो, मूळ सुट्या भागाऐवजी हाताशी असेल ते बसवलं तरी चालतो. पंपाची हद्दही ठरलेली नाही. बोअर, ती खणणारं गाव, जागा सांगणारा न्गांगा (आपल्याकडच्या पाणाड्यासारखा) हे सगळे त्यात येतात. आणि आपण या पंपाच्या प्रेमात आहोत हे लेखिका उघड सांगतात. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. आपल्या थिसिसमध्ये आपण तो कर्मवाच्य प्रयोगामागे लपवतो.

आता माझी तक्रार. ‘चालतो’ म्हणजे काय?

समजा सिलिंडरमधला चामड्याचा कप-वॉशर झिजला आणि कुणी जुन्या टायरचा तुकडा कापून बसवला. पाणी आलं. दुरुस्ती यशस्वी? वॉशरचं काम सिलिंडरच्या भिंतीला घट्ट पण लवचीक टेकून राहण्याचं. टायरचं रबर जाड, ताठ, आत दोऱ्यांचे थर. कड नीट बसली नाही तर प्रत्येक हिसक्याला थोडं पाणी बाजूने परत खाली जातं. हापसा बंद पडत नाही, फक्त बादली भरायला जास्त हिसके लागतात. म्हणजे बिघाड गेलेला नसतो. तो पंपातून हापसणाऱ्याच्या दंडात गेलेला असतो, आणि हापसणारी बहुतेक वेळा बाई किंवा शाळकरी पोर असते. पेपरात पाण्याच्या शुद्धतेची, ई. कोलायच्या मोजणीची चर्चा आहे आणि ती चांगली आहे. पण हिसके कुणी मोजलेले नाहीत! खरं तर हे मोजायला लॅब लागत नाही. एक बादली, एक घड्याळ, आणि त्याच हापशावर दर महिन्याला एक चक्कर.

दुसरी अडचण सॅम्पलची. पेपरचा मोठा आधार पंपाला आजचं रूप देणारे पीटर मॉर्गन यांच्या सांगण्यावर आहे, आणि प्रकाश पडतो तो जुळवून घेत टिकलेल्या पंपांवर. जुगाड करून तीन आठवड्यांत कायमचा बंद पडलेला हापसा सहसा गोष्टीत येत नाही. स्टॅटिस्टिक्सच्या तासाला याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. केस स्टडी लिहिताना मात्र तो तास कुणाला आठवत नाही.

तुलनेसाठी आपल्याकडे बघा. सुरुवातीला इथे बसले ते बिडाचे हापसे, परदेशात एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेल्या पंपांच्या नकला. त्यांवर अख्खं गाव पाणी भरायचं, आणि ते सतत मोडायचे. मग जालना आणि सोलापूर इथे स्टीलचे मजबूत पंप तयार झाले. त्यातल्या सोलापूर पंपावरून, युनिसेफच्या सहभागाने, सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू आला. मार्ग बुश पंपाच्या अगदी उलटा: मापं ठरलेली, तपासणी कडक, आयएस ९३०१ हे भारतीय मानक. भाग कुठल्याही कारखान्याचा असो, बसलाच पाहिजे. प्रवाहीपणाला इथे जागा नव्हती आणि तरीही हा पंप जगभर गेला.

पण त्याचीही किंमत होतीच. एक वॉशर बदलायला जमिनीखालचे सगळे जीआय पाइप वर ओढायचे. म्हणजे गाडी, अवजारं, मेकॅनिकची टोळी. ती येईपर्यंत गाव थांबलेलं. म्हणून मार्क थ्रीमध्ये पाइप रुंद केला, ६५ मिलिमीटरचा, म्हणजे पाइप न काढता दट्ट्या वरूनच बाहेर येतो आणि वॉशर गावातच बदलता येतो. बाकी पंप तेवढाच ठरीव राहिला.

पंप प्रवाही की ठरीव, या प्रश्नापेक्षा मला हे जास्त कामाचं वाटतं: कुठला भाग ठरीव ठेवला म्हणजे कुठला भाग गावाच्या हातात येतो? बुश पंपाच्या पेपरात एवढं बारकाईने सगळं आहे, फक्त कुठल्या बोल्टशिवाय चालतं आणि कुठल्याशिवाय चालत नाही याची साधी यादी नाही. तुमच्यापैकी कुणी फील्डवर जाणार असेल तर सुरुवात तिथून करा.